बदलीचं रक्त

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, क्षणभर पाहिलं आणि सोडून दिली. उजव्या डोळ्याला त्यांनी हातच लावला नाही. एवढंच झालं, पण अंगठा निघून गेल्यावरही पापणीखाली गार हवा शिरल्यासारखं वाटत राहिलं. मी त्यांच्या नखाकडे पाहत होते. नख गुलाबी होतं, आणि तो रंग लावलेला नव्हता. त्यांचं नाव प्रियदर्शनी. जालन्यातल्या ह्या दवाखान्यात हृदयाची ऑपरेशनं होऊ लागली त्याला फार वर्षं झालेली नाहीत, आणि माझा मुलगा रामप्रसाद ह्या बाईंच्या शब्दाबाहेर नव्हता. माझ्या हृदयातली एक झडप जाड होऊन आवळत गेली होती. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, तो कधी कधी हृदयात मुरतो आणि पोर म्हातारी झाली की वर येतो, असं त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. झडप बदलायची तारीखही दिली होती. आता त्या माझ्याकडे न बघता रामप्रसादला म्हणाल्या, "यांच्या अंगात रक्त फार कमी आहे. असं टेबलावर घेता येणार नाही मला."

"मॅडम, आम्ही सुट्टी टाकून बसलोत," रामप्रसाद म्हणाला.

"सुट्टी रद्द करा."

मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते. पापणी ओढून बघणारा हा दुसरा अंगठा मी पाहत होते. पहिला आमच्या सुईणीचा. भोकरदनच्या पलीकडे आमचं गाव; मी शाळेतून दुपारी घरी आले तेव्हा आई बाजेवर होती, बाजेखाली राख पसरलेली होती आणि राखेचा रंग मधोमध बदललेला होता. न्हाणीच्या दाराशी चिंध्यांची बादली. भाऊ झाला होता, तो सुपात रडत होता, त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. सुईणीनं आईची पापणी काळ्या, भेगाळलेल्या अंगठ्यानं खाली ओढली आणि आजीला म्हणाली, "कापूस झालीय, आक्का." मला बरं वाटलं. आमच्या घरात कापूस ही चांगली गोष्ट होती. वेचणी झाली की एक खोली आढ्यापर्यंत भरायची, आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो, आणि आई ओरडायची ती सुद्धा हसत. म्हणून मी आईच्या पायाशी बसून पाटीवर रेघोट्या ओढत राहिले. तिचे तळवे माझ्या गुडघ्याला टेकलेले होते. गुरं घरी यायच्या आत ते गार झाले. पुढं कितीतरी वर्षं कापसाच्या खोलीत पाऊल टाकलं की मी उलट्या पावली बाहेर यायचे आणि लोक म्हणायचे, हिला धूळ सहन होत नाही.

डॉक्टरीणबाई मग माझ्याशी बोलल्या. चांगलं बोलल्या. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ अंगातलं रक्त नळीतून बाहेर काढून यंत्रातून फिरवायचं. यंत्राच्या नळ्या भरायला त्यात पाण्यासारखं औषध असतं. त्यामुळं रक्त आणखी पातळ होतं. ज्याचं मुळात दाट आहे त्याचं निभतं. ज्याचं आधीच पातळ आहे त्याला बाहेरचं रक्त पिशव्यामागून पिशव्या द्यावं लागतं, आणि जितकं बाहेरचं रक्त जास्त तितका त्रास जास्त. ताप, मूत्रपिंड, फुप्फुसं. "म्हणून आधी तुमचं स्वतःचं वाढवू," त्या म्हणाल्या. मला समजलं. माझ्या घरात मी आयुष्यभर वरणाला पाणी घातलं आहे. ऐनवेळी चार बाप्ये जेवायला आले की आधी तांब्याभर पाणी, मग चिमूटभर मीठ, मग पुन्हा पाणी. पहिल्या पंगतीला ते वरणासारखं दिसायचं. पोरांची पंगत होईपर्यंत डाळ बुडाशी बसायची, आणि आम्ही बसायचो तेव्हा डावात पिवळं पाणी यायचं, हळदीचा वास असलेलं. त्याची कुणाला तक्रार नव्हती. सासूबाई सुद्धा तेच खायच्या. मला एकदम हसू आलं आणि रामप्रसादनं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

शिरेतून लोखंड दिलं मला. कोऱ्या चहासारखं काळपट, बाटलीतून थेंबथेंब. मग घरी पाठवलं, थांबा म्हणाले. रामप्रसाद एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये पाळ्यांचा हिशेब बघतो; घर तिथून जवळच. पश्चिमेचं वारं सुटलं की गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर बारीक काळी भुकटी बसते. सून साधना फडक्यानं ती पुसायची आणि म्हणायची, "आत्याबाई, त्या बाटल्या कायले लावता? इथं तर फुकट लोखंड पडून राह्यलंय. चमच्यानं खात जा." ती थट्टा करते तेव्हा भुवया जराही हलवत नाही, त्यामुळं नव्या माणसाला कळत नाही. मी दिवसभर खिडकीशी बसायचे. आडवं झालं की छातीवर कुणीतरी हळूच येऊन बसल्यासारखं व्हायचं. भंगाराचे ट्रक जायचे, त्यांच्यावर मोडके नांगर, पंख्यांची पाती, कुणाच्या तरी खिडकीचे गज, आणि मला बहात्तर सालचा रस्ता आठवायचा. दुष्काळी कामावर आम्ही खडी फोडत होतो. मी नवी नवरी. दुकानात लाल ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली, तिची भाकर थापताना कडेला तडे जायचे. कामावर सुकडी वाटायचे, गूळ घातलेल्या भाजक्या पिठाची. ती बायका पदरात बांधून घरी न्यायच्या, पोरांना. सगळ्याच न्यायच्या. मुकादम ओरडायचा, इथंच खा, तुमच्यासाठी आहे. आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून जबडा हलवून दाखवायचो, खाल्ल्यासारखं. दुपारी हातोडा वर उचलला की डोळ्यांसमोर बारीक काजवे उडायचे. मला वाटायचं, ते सगळ्यांनाच दिसतात, उन्हाचेच असतात. तसे काजवे मला परवापर्यंत दिसत होते, जिना चढताना, देवापुढं वाकताना, आणि मी त्याबद्दल कधी कुणाला विचारलं नव्हतं, कारण ज्या ज्या बाईपाशी बोलले असते तिलाही ते दिसत होते.

थांबणं पुरं झालं नाही. श्रावणात पायाला सूज आली, मग छातीत पाणी झालं आणि मला उचलूनच दवाखान्यात नेलं. रक्त थोडं वाढलं होतं, हवं तेवढं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता झडप वाट बघणार नाही. बाहेरचं रक्त जास्त लागेल, तयारी ठेवा. रक्तपेढीत शिल्लक कमी होती. पेढी पिशव्या देते, पण म्हणते, बदलीत तुमची माणसं आणा. कुठल्याही गटाची चालतील, पण आणा. रामप्रसाद साखरेच्या सुईवर आहे. त्याचं घेत नाहीत. त्यानं फोन लावले.

दुसऱ्या दिवशी माझी लेक दैवशाला आली, कुंभार पिंपळगावहून. बरोबर तिचा नवरा अप्पाराव, त्याचे दोन भाऊबंद, आणि माझ्या दिराचा मुलगा हरिओम. गाडी त्याचीच, क्रूझर, एरवी वऱ्हाडं नेतो. रक्तपेढी तळमजल्यावर होती. मी हट्ट धरला तेव्हा साधनानं मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. माझ्यासाठी कोण काय देतंय ते मला बघायचं होतं, असं मी म्हणाले. खरं म्हणजे मला दैवशालाला बघायचं होतं.

"आधी माझं घ्या," ती टेबलाशी बसलेल्या मुलीला म्हणाली. मुलीच्या कोटावर शीतल असं नाव होतं. "लेक हाये मी. ह्या बाप्यांचं मागून बघा."

शीतलनं तिच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब एका काचेच्या भांड्यात सोडला. भांड्यात मोरपंखी निळं पाणी होतं. थेंब त्यात बुडायला हवा असतो. तो वरच राहिला, जरा फिरला, लालाचा तपकिरी झाला.

"ताई, तुमचं नाही चालणार."

"काऊन? मी आजारी हे का?"

"रक्त कमी आहे."

"ह्या बोटात कमी असंल. रोज भांडे घासून घासून ते बोटच मेलंय. दुसरं घे."

शीतलनं दुसरं बोट घेतलं, मग यंत्रावरही पाहिलं. मग साधनाचं पाहिलं. साधनाचा थेंब थोडा खाली गेला, आम्ही सगळे वाकून पाहत होतो, आणि मधूनच परत वर आला. तिनं बोट पदरात गुंडाळलं. हरिओमचा थेंब सरळ तळाला गेला.

"पाहिलं का अक्का, दगडावानी गेला," तो दैवशालाला म्हणाला.

"थेंब गेला. तू सुई पाहून खडूवानी झाल्ता, ते आम्ही पाहिलंय."

अप्पारावचा बुडाला. भाऊबंदांचे बुडाले. शीतल दैवशालाला म्हणाली, "गावात लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत का, ताई?"

"मिळत्यात की. अंगणवाडीची बाई पुडकं भरून देती."

"मग खात नाही?"

"खाल्ल्या की मळमळतं. तोंडात गंज चघळल्यावानी लागतं. मी कढीपत्त्याला घालते." ती रंगात आली. "बुडाशी बोटभर खोल पुरायच्या अन् वरून पाणी. असा फोफावतो म्हणून सांगू, शेजारणी आमटीला पानं मागायला येत्यात. आमच्या गल्लीत समद्याच घालत्यात. कुणी मोगऱ्याला, कुणी गुलाबाला. पाव्हणे म्हणत्यात, ह्या गल्लीची मातीच चांगली हे."

सगळे हसले. शीतल हसली, हातावर कापूस दाबून उताणा पडलेला अप्पाराव हसला, मीही हसले. आणि हसणं थांबल्यावर एक आवाज मागं उरला. दैवशालाचा. बाकीचे सगळे हसून मोकळे झाले होते आणि ती अजून श्वास गोळा करत होती, भिंतीला हात टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून, आत ओढताना बारीक शीळ घातल्यासारखी. तो श्वास मला ओळखीचा होता. गेली दोन वर्षं तो मी माझ्याच छातीतून ऐकत होते. मला तिचे गुडघे आठवले; ती तिसरी-चौथीत असतानाचे, एक उतरला की दुसरा सुजणारे, निरगुडीचा पाला बांधून हिरवे झालेले. ती तापात म्हणायची, माय, माझे पाय काढून ठेव. मी खुर्चीची चाकं हातानं ढकलून तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "पायऱ्या चढताना थांबावं लागतं का?"

"वय झालं की माय."

"पन्नाशी गाठली न्हाईस तू अजून."

डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर मला तपासायला आल्या तेव्हा मी म्हणाले, माझं राहू द्या, हिचं ऐका. त्यांनी दैवशालाच्या पाठीला आणि छातीला नळी लावली. एकाच जागी फार वेळ ठेवली. मग लहानपणीच्या तापाचं विचारलं, आणि उत्तर मी दिलं. "हिची हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. लवकर," त्या म्हणाल्या. दैवशाला ब्लाऊजचा हूक लावत होती. "आधी मायचं होऊ द्या," ती म्हणाली.

ऑपरेशनबद्दल मला सांगता येण्यासारखं फार नाही. एक पांढरं छत सरकत गेलं आणि नंतर दुसरं पांढरं छत आलं. मध्ये काहीच नव्हतं, झोप सुद्धा नव्हती. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि उजव्या हातातून गार काहीतरी वर चढत होतं, दंडापर्यंत, खांद्यापर्यंत. वर पाहिलं तर पिशवी टांगलेली. गडद, जवळजवळ काळी. त्या रंगाची मला भीती वाटली नाही. ते कुणाचं आहे, एवढाच विचार मनात फिरत राहिला. हरिओमचं असेल तर त्यात तंबाखू असेल. अप्पारावचं असेल तर जावयाचं रक्त सासूच्या अंगात. हे कुठल्या शास्त्रात बसतं कोण जाणे. बहुधा त्यांच्यापैकी कुणाचंच नसेल, भलत्याच माणसाचं असेल, ज्यानं कधी मला पाहिलं नाही. पण बाईचं नसेल. हे मात्र मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पिशवी संपली की नर्स दुसरी लावायची. छातीवरच्या टाक्यांमधून नळीनं रक्त बाहेर येत होतं आणि हातातून आत जात होतं, आणि मी मधल्या मधे पडून होते, एखाद्या पाटासारखी, ज्यातून दुसऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या शेताला जातं. आईच्या बाजेखालची राख आठवली. तिथं फक्त बाहेरच जात होतं.

मी वाचले. ताप आला, लघवी अडली, फुप्फुसानं दोनदा धोका दिला, तरी वाचले. नंतर रामप्रसादच्या तोंडून निघून गेलं की ठरल्यापेक्षा दुपटीहून जास्त पिशव्या लागल्या आणि हरिओमनं कुठून कुठून पोरं गोळा करून आणली. दैवशाला दिसली नाही. विचारलं की कुणी म्हणायचं, तू झोपेत होतीस तेव्हा येऊन गेली. कुणी म्हणायचं, वेचणी लागलीय. फोनवर ती बोलायची, पण आखूड. पूर्वी ती बोलू लागली की फोन ठेवावा कसा हा प्रश्न पडायचा. आता ती "हौ" म्हणायची आणि थांबायची. त्या थांबण्यात मी कान देऊन बसायचे. माझा स्वतःचा श्वास आता इतका हलका झाला होता की दुसऱ्याचा लगेच ऐकू यायचा.

दसऱ्यानंतर मी दैवशालाकडे जायला हरिओमला बोलावून घेतलं. रामप्रसाद म्हणाला, छातीचं हाड अजून जुळतंय, धक्के बसतील. साधनानं एक उशी आणून माझ्या छातीशी धरली आणि म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. इथं बसूनही त्या तिकडंच हेत." तेव्हा रामप्रसादनं मान खाली घातली आणि सांगितलं. मी अतिदक्षता विभागात होते तेव्हाच अप्पारावनं दैवशालाची सोनोग्राफी करून घेतली होती. तीच झडप. माझ्यापेक्षा जास्त आवळलेली. रक्त माझ्याहून कमी. "तुला सांगू नको म्हणाली," तो म्हणाला. उशी छातीशी घट्ट धरून मी गाडीत बसले.

कुंभार पिंपळगावात दैवशाला ओसरीवर गाठोड्याला टेकून बसली होती. गाठोडं अंथरुणाचं होतं. आडवं होता येत नसलं की माणूस तसंच बसून झोपतं. पाय सुजून चकाकत होते. मला पाहून ती उठायला गेली आणि उठली नाही.

"तू कशाला आली माय? टाके उसवतील."

"माझे टाके मी बघीन. दवाखान्यात काऊन गेली न्हाईस?"

"वेचणी..."

"वेचणीचं मला नको सांगू."

अप्पाराव दाराशी उभा होता. तोच बोलला. "आत्या, ऑपरेशन योजनेत बसतंय. त्याची फिकीर न्हाई. पण मॅडम म्हणाल्या, आधी हिला रक्त लावायचं, मंग ऑपरेशनाला अजून. माणसं आणा. आता माणसं कुठून आणू? माझं, भावांचं, हरिओमचं, त्याच्या दोस्तांचं, समद्यांचं तुम्हाला झालं. तीन महिने परत घेत न्हाईत. आमच्या पोराला आठरा पुरे न्हाईत. गावात इचारलं तर म्हणत्यात, आत्ताच तर दिलं. एकदा सासूला, एकदा बायकोला, तुझ्या घरात हे काय चाललंय." तो थांबला. त्याला वाईट वाटलं असावं. "तसं न्हाई म्हणायचं मला, आत्या."

दैवशाला म्हणाली, "ह्यांचं ऐकू नको. तीन महिने काई लांब न्हाईत. मी थांबते."

मी तिच्याकडे पाहत होते आणि माझ्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. भरलेल्या. निळ्या, टणक, तरण्या बाईच्या असाव्यात तशा. माझी नखं गुलाबी झाली होती. दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, आता माझं रक्त कुणाला देता येईल का, आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, तुमचं वय आणि तुमचं ऑपरेशन, दोन्हीमुळं कधीच नाही. तेव्हा मी ते सहज विचारलं होतं. आता दैवशाला थांबते म्हणाली. आणि थांबणं काय असतं ते मला ठाऊक होतं. मी श्रावणात पाहिलं होतं.

लेकीच्या सासरी हात पसरायचा नसतो. माझ्या वडलांनी माझ्या घरी पहिलं नातवंड होईपर्यंत पाणी सुद्धा घेतलं नाही. बैलगाडीतून येताना स्वतःची कळशी आणायचे आणि दारातल्या लिंबाखाली बसून प्यायचे. मी ओसरीवरून उतरले. हरिओम म्हणाला, "काकू, कुठं?" मी म्हणाले, "तू मागून गाडी घेऊन ये, हळू."

पहिल्या घरी मालक ओट्यावर सरकीचं पोतं शिवत होता. मी माझं नाव सांगितलं, लेकीचं सांगितलं, आणि जे मागायचं ते मागितलं. तो सुई थांबवून म्हणाला, "मावशी, तसं काही न्हाई, पण कमजोरी येती म्हणत्यात. अन् आता वेचणीचे दिवस." पुढच्या घरी भिवा म्हणून एक जण होता. तो म्हणाला, घरात इचारून सांगतो. त्याची बायको आतून म्हणाली, "आजवर घरात इचारून काय केलंय यांनी? बैल इकला तवा इचारलं का?" तिसऱ्या घरी कुणी बाहेर आलंच नाही, फक्त टीव्हीचा आवाज बारीक झाला. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटत नव्हती. फक्त चालता येत होतं, दम न लागता, एका घरून दुसऱ्या घरी, आणि दर पावलाला कळत होतं की हे चालणं कुणाच्या वाट्याचं आहे.

कडूबाच्या घरी मला जाऊ नका म्हणाले होते. अप्पारावचा तो चुलत भाऊ. बांधावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. तो गोठ्यात शेण भरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, फावडं भिंतीला लावलं आणि म्हणाला, "अप्पारावशी माझं बोलणं न्हाई. ह्याच्यानंतरही होणार न्हाई. आधीच सांगतो."

"नसू दे."

"पाय धुऊन येतो."

तो पुढच्या सीटवर बसला. एकच माणूस. मी आणखी दोन गल्ल्या फिरले आणि परत येताना पाहिलं तर गाडीपाशी भिवाची बायको उभी होती. तिनं हात पुढं केला, कोपरापर्यंत उघडा, बांगड्या मागं सारलेल्या. "मावशी, माझं चालंल का? ह्यांचं इचारून होईस्तोवर माझंच घ्या." तिच्यामागं सरकीवाल्याची सून होती. टीव्हीच्या घरातली एक होती, ओला हात पदराला पुसत. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. मी त्यांच्याकडे पाहिलं. भर दुपारच्या उन्हात त्यांचे चेहरे बुरसट पिवळे दिसत होते, ओठ मातीच्या रंगाचे, आणि इतकी वर्षं मी ह्यालाच उन्हानं रापणं म्हणत आले होते. तुमचं चालत नाही, हे शब्द माझ्या तोंडाशी आले. मी ते शीतलच्या तोंडून ऐकले होते तेव्हा दैवशाला कशी दुसरं बोट पुढं करत होती, ते मला दिसत राहिलं.

"बसा गाडीत," मी म्हणाले.

दैवशालाला अप्पारावनं दोन्ही हातांनी उचलून मधल्या सीटवर बसवलं. कडूबा पुढं सरळ रस्त्याकडे बघत राहिला, आणि अप्पाराव दार लावून मागच्या आडव्या सीटवर बायकांच्या कडेला अंग चोरून बसला. मी दैवशालाच्या शेजारी, उशी छातीशी धरून. गाव मागं पडल्यावर कडूबा मान न वळवता म्हणाला, "मावशी, एक इचारू? ह्या समद्या कायले घेतल्या? बायकांचं बुडत न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलं की."

"बुडत न्हाई."

"मंग?"

"मंग काऊन बुडत न्हाई, ते बघायला चालल्यात."

मागं कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी म्हणालं, मला तर सुईचीच भीती वाटती बाई. दैवशाला हसली नाही. ती डोळे मिटून, पुढच्या सीटच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. हरिओमनं गतिरोधकावर गाडी इतकी हळू घेतली की मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवू लागला. पहिली चाकं उतरली, मग दुसरी, आणि तिनं धरून ठेवलेला श्वास सोडला. मागच्या बायका बोलायच्या थांबल्या. मग बराच वेळ गाडीत तो एकच आवाज होता, आत जाताना शीळ घातल्यासारखा, बाहेर येताना तुटत येणारा, आणि आम्ही सगळे, कडूबासुद्धा, पुढचा कधी येतो त्याची वाट बघत बसलो होतो. वाटेतलं घनसावंगी अजून यायचं होतं. जालना त्याच्याही पुढं.